कोरी वही

पणजीत, मार्केटामागच्या गल्लीत
बर्फाचा कारखाना होता.
दारावर चुन्याखालून अजून वाचता येतं: जेलो.
आता तिथे कला करतात, काय ती विचारू नका,
मागच्या महिन्यात एकाने तीन दिवस
फक्त दार उघडलं नि लावलं म्हणे.
आत पाऊल टाकलं की अमोनियाचा वास.
चाळीस वर्षं बंद पडलेलं यंत्र
नाकात मात्र चालूच.

मी सावईचा. पोस्टात कारकून,
आणि जत्रेच्या नाटकांचा प्रॉम्प्टर.
डाव्या विंगेत, पेट्रोमॅक्सकडे पाठ करून,
गुडघ्यावर वही, नटाच्या
अर्धा श्वास पुढे.
एकदा सोयरू केरकर सुभेदाराच्या वेषात अडखळला
आणि मी इतक्या जोरात शब्द दिला
की तळीवर बसलेले ओरडले,
‘सुभेदार पडद्याआड, मग हा पुढे कोण?’
त्या रात्री मी जेवलो नाही.
सोयरू दोनदा जेवला.

लुईझा मिनेझिसने नातवाच्या फोनवर निरोप धाडला.
नाटक एका तासाचं. वाक्य एकही नाही.
मग मी कशाला, बाय?
‘काका, तुमी फकत बसून रावात.
कोणूय विसरलो जाल्यार याद करून दियात.’
काय विसरला तर?
ती हसली, आणि हातात वही ठेवली.
शंभर पानी. कोरी.

खुर्च्या चारही दिशांना तोंड करून.
तेवीस माणसं मोजली, त्यांतला एक
भाजीची पिशवी घेऊन आला होता,
पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर.
विंग नाही. मी खांबाला टेकून,
सगळ्यांना दिसेन असा, उघडाच.
आयुष्यात पहिल्यांदा मी पँटला इस्त्री केली होती
नाटकासाठी.

उर्जिता वस्त नावाची मुलगी
मालीमच्या धक्क्यावरून आणलेली बर्फाची लादी
उराशी धरून निघाली,
उत्तरेच्या भिंतीपासून दक्षिणेच्या.
एक पाऊल. मग कितीतरी वेळाने दुसरं.
पाणी कोपरावरून, परकरावरून, फरशीवर,
आणि फरशीतल्या त्या जुन्या पन्हाळींना
वाट आठवली. न चुकता
गटाराकडे वळलं पाणी.

मी पान उलटत होतो. पाचवं. नववं.
सवय. डोळे ओळीवर हवेत म्हणून
ओळ नसताना तिथेच ठेवलेले.

अर्ध्यावर ती थांबली.

लोकांना वाटलं, हे असंच असणार.
मुळेवाल्याने तर मान डोलवली.
पण मी ते डोळे ओळखतो.
कुंकळ्येत, मंगेशीत, म्हार्दोळात पाहिलेत,
रंगाच्या आतून बाहेर पाहणारे,
विहिरीत पडलेल्या कळशीसारखे.
ती विसरली होती.
काय, ते देव जाणे. चालणं? कशासाठी, ते?
ती माझ्याकडे पाहत होती
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडे द्यायला शब्द नव्हता.

घसा आपोआप तयार झाला.
जीभ टाळूला लागली.
सोयरूची ती रात्र आठवली, तोंड मिटलं.

मग मी पान उलटलं. सावकाश, कोपऱ्यापासून,
अंगठा किंचित ओला करून.
त्या रिकाम्या कारखान्यात
तो आवाज केवढा मोठा झाला!
सुक्या माडाची झावळी पडावी तसा.

उर्जिताने पाऊल उचललं.

दक्षिणेच्या भिंतीशी पोचली तेव्हा
हातात साबणाच्या वडीएवढा बर्फ होता.
टाळ्या नाहीत. इथे वाजवत नाहीत म्हणे.
व्हाउचरवर ‘भूमिका’ असा रकाना होता,
पोरगा पेन धरून वाट बघत राहिला,
शेवटी त्यानेच रेघ मारली.

फोंड्याची शेवटची कदंबा मिळाली.
मांडवीवर कसिनोंचे दिवे, मांडीवर ओली वही.

आता शालन तिच्यात दुधाचा हिशेब लिहिते,
पोदेराचे पैसे, गॅसची तारीख.
पहिली दहा पानं सोडून लिही, म्हणालो.
वाया जातील की, म्हणाली.
पण सोडली.